एक्स-रे खोलीच्या दारावर मराठी फलक हवा

प्रति,
अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ,
अणुशक्तीनगर, मुंबई

विषय : किरणोत्साराची माहिती रुग्णाला मराठीत मिळण्याबाबत

दगडमातीतले युरेनियम-थोरियम, घरात साचणारा रेडॉन वायू, आकाशातून येणारे वैश्विक किरण आणि अन्नातले पोटॅशियम-४० यांमुळे जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) किरणोत्सार मिळतोच. आमच्या हदगाव तालुक्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट आहे. त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. शेजारच्या अर्धापूरच्या केळ्यातही पोटॅशियम-४० असते, पण शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकते. केळी खाऊन कुणाला बाधा होत नाही.

या भागातल्या हळदीशी तर किरणांचे नाते उपकाराचेच आहे. शिजवलेली हळद उघड्यावर वाळते, तेव्हा तिला जंतू आणि बुरशी चिकटते. वाशीच्या विकिरण प्रकल्पात २००० सालापासून कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी मसाले निर्जंतुक केले जातात. पोती किरणांसमोरून पुढे सरकतात, कोबाल्टचा कणही मालाला लागत नाही, म्हणून हळद किरणोत्सारी होत नाही. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००२पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हीच युक्ती वापरतात. कर्करोगाच्या रुग्णाला ‘शेक’ देतात तेही किरणच.

धोका मात्रेवर ठरतो. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टहून जास्त नसते, म्हणजे निसर्गाकडून दोन आठवड्यांत मिळते फार तर तेवढी. पोटाच्या सीटी स्कॅनला मात्र ५ ते १० मिलिसिव्हर्ट लागतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतात. मोबाइल टॉवरच्या लहरींतही एक्स-रेसारखी, अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी शक्ती नसते. तरीही गावागावांत भीती टॉवरची असते, आणि जुनी फिल्म घरी राहिली म्हणून नांदेडला पुन्हा सीटी काढताना कुणी हरकत घेत नाही. गरजेची तपासणी टाळू नये, हे खरेच. विनाकारण दुसऱ्यांदा केलेली मात्र टाळता येते.

एक्स-रे काढताना रडणाऱ्या लेकराला आईच धरून उभी राहते. त्या वेळी तिच्या अंगावर शिशाचा एप्रन हवा, आणि ती गरोदर असेल तर धरायला दुसरे कुणी हवे. बटण सुटताच किरण थांबतात, खोलीत किंवा अंगात काही उरत नाही, हेही तिला कळायला हवे. किरणोत्सारी पदार्थाचे तसे नसते. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. त्या भंगारवाल्यांना किरणोत्साराचा इशारा देणाऱ्या त्रिपाकळी चिन्हाचा अर्थ माहीत असता, तर उपकरणाला हात लावण्याआधी ते कदाचित थबकले असते.

१९८३मध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या परवान्याशिवाय देशात एक्स-रे यंत्र चालवता येत नाही. परवान्याच्या या अधिकाराचा फायदा रुग्णापर्यंत पोचावा. प्रत्येक एक्स-रे व सीटी खोलीच्या दारावर ठळक मराठी फलक असावा. तपासणीची अंदाजे मात्रा, गरोदर स्त्रीने आधी सांगावे ही सूचना, धरणाऱ्या नातेवाइकाचा एप्रनवरचा हक्क आणि परवान्याची मुदत त्यावर लिहिलेली असावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तंत्रज्ञाने हे तोंडी सांगावे. मंडळाने ही अट परवान्यातच घालावी आणि तिची तपासणी तालुक्याच्या लहान केंद्रांपासून सुरू करावी, ही विनंती.

हदगाव (जि. नांदेड) येथील एक नागरिक