मसुदा कुठे आहे?

दरवर्षी १ मे उजाडला की नागपुरात एकीकडे महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन होते आणि दुसरीकडे विदर्भवादी काळा दिवस पाळतात. दोन्हीकडची भाषणे आता श्रोत्यांनाही तोंडपाठ झाली आहेत. एक बाजू मराठी माउलीचे तुकडे होऊ देणार नाही असे बजावते, तर दुसरी अनुशेषाचे आकडे मोजून दाखवते. आम्हांला या दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारायचा आहे: मसुदा कुठे आहे?

राज्य घोषणेतून जन्मत नाही, विधेयकातून जन्मते. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने तो अधिकार संसदेला दिला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय असे विधेयक मांडता येत नाही आणि त्यापूर्वी ते संबंधित विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावे लागते. मात्र ते मत संसदेवर बंधनकारक नाही. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने तर मत देण्याला मुदतही घातली. चौथ्या अनुच्छेदामुळे असा कायदा घटनादुरुस्ती ठरत नाही, म्हणजे त्याला साधे बहुमत पुरते.

या तरतुदींचा अर्थ १९५६ मध्ये दिसला. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. प्रत्यक्ष विधेयक आले ते महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा तीन घटकांचे. विधिमंडळांनी त्यावर मते दिली, आणि संसदेने संमत केले ते विशाल द्वैभाषिक! याविरुद्ध बाबुलाल पराते यांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निर्वाळा दिला की, संसदेने विधेयक बदलले तरी ते पुन्हा विधिमंडळाकडे पाठवण्याची आवश्यकता नाही. तात्पर्य, जो आपला मसुदा सिद्ध ठेवत नाही, त्याला दुसऱ्याच्या मसुद्यात राहावे लागते.

आम्ही भाषेचे अध्यापक आहोत, म्हणून विदर्भाला मिळालेल्या आश्वासनांची क्रियापदे वाचून पाहावीशी वाटतात. १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हे पुढाऱ्यांनी आपसांत केलेले करार होते, कायदा नव्हता. नागपूर करारातून ठळकपणे उरले ते वर्षातून एक अधिवेशन, आणि २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत तेही मुंबईतच उरकले गेले. ३७१(२) हा अनुच्छेद संविधानात आहे खरा. पण विकास मंडळांबाबतचे त्याचे क्रियापद 'करता येईल' या जातीचे आहे, 'करील' या जातीचे नव्हे. १९५६ मध्ये घातलेल्या या तरतुदीप्रमाणे मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. अनुशेष काही केवळ पैशांचा नसतो. संदिग्ध लिहिलेल्या वाक्यांचाही असतो.

आता विदर्भवाद्यांना विचारतो. 'आधी तत्त्वतः मान्यता, तपशील मागाहून' हे तुमचे धोरण कोणाच्या हिताचे आहे? तेलंगणाकडे पाहा. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळले, तरी फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले आणि २ जूनला राज्य झाले. त्या कायद्याच्या नवव्या व दहाव्या अनुसूचींतील महामंडळे आणि संस्था यांच्या वाटणीचे तंटे मात्र पुढे दशकभर रेंगाळले. हैदराबाद दहा वर्षे सामायिक राजधानी राहिली. ती मुदत जून २०२४ मध्ये संपली. राज्य एका दिवसात होते, वाटणी पिढीभर चालते.

आपल्याकडे कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही वीजकेंद्रे कोणाची? त्यांच्यावरील कर्ज कोणाचे? पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्यावर विदर्भ आणि मराठवाडा दोघांचाही हक्क आहे. तंटा झाल्यास निवाडा कोणी करायचा? मंत्रालयातील कर्मचारी कोणत्या सूत्राने वाटायचे? निवृत्तिवेतनाचा भार कोणी उचलायचा? १९०३ पासून मध्य प्रांताशी जोडलेल्या वऱ्हाडाला नागपूर हीच राजधानी हवी आहे का? अमरावती-अकोल्याला हे कोणी विचारले आहे? गडचिरोली आणि मेळघाट येथील अनुसूचित क्षेत्रांतल्या गोंड, माडिया, कोरकू समाजांचे स्थान कोणत्या कलमात आहे?

आणि भाषा? पुनर्रचनेच्या कायद्यांत सामान्यतः जुने कायदे नव्या विधिमंडळाने बदलेपर्यंत चालू राहतात, म्हणून १९६४ चा राजभाषा अधिनियमही काही काळ चालेल. पुढे अनुच्छेद ३४५ प्रमाणे नवे विधिमंडळ काय ठरवील? नागपूरच्या बाजारात हिंदी किती सहज बोलली जाते हे सर्व जाणतात. मराठी टिकेल असे आश्वासन आम्हांला व्यासपीठावरून नको, लेखी हवे.

संयुक्त महाराष्ट्रवाद्यांनी यावर सुखावून जाऊ नये. 'एक भाषा, एक राज्य' हे संविधानाचे सूत्र नाही. हिंदीची अनेक राज्ये झाली, तेलुगूची दोन झाली. भाषा मेली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्येच मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्ये सुचवली होती. त्यांना कोणी मराठीद्रोही म्हणेल काय? आईच्या उपमेने युक्तिवाद संपत नाही. तो टाळला जातो. विदर्भ महाराष्ट्रातच राहावा असे ज्यांना वाटते, त्यांनीही आपला मसुदा आणावा: 'करता येईल'च्या जागी 'करील' घालणारा, निधी वळवल्यास न्यायालयात जाब विचारता येईल असा.

विदर्भातून ६२ आमदार आणि १० खासदार निवडून जातात. त्यांच्यापैकी जे राज्य मागतात त्यांनी विधेयकाचा पूर्ण मसुदा, अनुसूचींसह, मराठीत प्रसिद्ध करावा. तो अकरा जिल्ह्यांतील महाविद्यालयांत, ग्रामसभांत आणि वकील संघांत वाचला जावा, त्यावर भांडणे व्हावीत. तो वाचून आमच्यातले काही राज्याच्या बाजूने जातील, काही विरोधात. आमच्यातही एकमत नाही. परंतु १९५३ प्रमाणे पुन्हा कोऱ्या विश्वासावर अंगठा उठवायला आम्ही कोणीही तयार नाही.