शस्त्रक्रियेपूर्वीची रात्र

कोपर स्थानकावर जलद गाड्या थांबत नाहीत. सकाळच्या धीम्या गाडीने परळला निघालेल्या गर्दीत एखादी बाई फाइल छातीशी धरून उभी असते. शेजारी नवरा किंवा मुलगा असतो. दिवा, ठाणे, घाटकोपर मागे पडते, तरी दोघांत एक शब्द निघत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत, आणि तेथील शल्यवैद्यांच्या कौशल्याविषयी आम्हांला शंका नाही. आमचा प्रश्न त्या न निघणाऱ्या शब्दाचा आहे.

भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक आज पहिला लागतो. २०२२ साली देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असावेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आणि तरीही आमच्या सुशिक्षित घरांत या आजाराचे नाव घेतले जात नाही. ‘छोटेसे ऑपरेशन आहे’ एवढे शेजारी सांगितले जाते. डॉक्टर बोलतात ते नवऱ्याशी. खर्चाची, रजेची, डब्याची व्यवस्था लागते. आणि जिच्या देहावर शस्त्र चालणार, ती मात्र उद्या ब्लाऊज कसा घालायचा, नवरा आपल्याकडे पाहील की नजर चुकवील, हे प्रश्न अंधारात एकटीच उलटसुलट करीत पडते. हे प्रश्न क्षुद्र आहेत असे ज्याला वाटते, त्याने आधी आपल्या घरातील स्त्रीला विचारून पाहावे.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीझ लासर या स्त्रीवर ही शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा वर कसा न्यावा, कपडे कसे करावेत, हे तिला कोणी सांगितले नाही. बरी झाल्यावर ती स्वतःच इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागली. व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी ती बरोबर नेई. अनेक शल्यवैद्यांना हे प्रारंभी रुचले नाही. पुढे मात्र १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचे कार्य आपलेसे केले. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. परीक्षेला भ्यालेल्या मुलाला मास्तरांच्या दहा उपदेशांहून वरच्या वर्गातल्या मुलाचे एक वाक्य अधिक धीर देते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

धीर म्हणजे गोंजारणे नव्हे. गाठ लहान असेल तर पुष्कळदा स्तन राखून केवळ गाठ काढता येते, आणि पुढे किरणोपचार दिल्यास आयुर्मानात उणेपणा येत नाही, हे मिलान आणि पिट्सबर्ग येथील २० वर्षांच्या अभ्यासांतून २००२ मध्ये स्पष्ट झाले. आपल्या बाबतीत ते शक्य आहे काय, हे शल्यवैद्याला विचारण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे; पण भेदरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. ते सुचविणारी कोणीतरी जवळ लागते.

कल्याण-डोंबिवली महापालिकेने शास्त्रीनगर रुग्णालयात आठवड्यातून एका दुपारी एक खोली यासाठी मोकळी ठेवावी. या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रिया डोंबिवलीत आणि कोपरमध्ये घरोघरी आहेत. गावातील महिला मंडळांनी त्यांना विश्वासात घेऊन तेथे आणावे. नवऱ्यांसाठीही त्या खोलीत दोन खुर्च्या असाव्यात. खोलीचे भाडे नाही, यंत्रसामग्री नाही. दाराबाहेर एक पाटी आणि आत पाण्याचा माठ, एवढाच खर्च.