तापाचा वास आणि आपली नाके

"मुलाला रोज आंघोळ घालून शाळेत पाठवावे." आठवीतल्या एका मुलाच्या डायरीत गेल्या पावसाळ्यात वर्गशिक्षकांनी हे वाक्य लिहिले. बाकावरची मुले नाक धरून सरकली होती. दोन दिवसांनी त्याच्या रक्तात डेंग्यू निघाला. त्या वाक्याखाली मुख्याध्यापक म्हणून माझी सही आहे.

कुणाच्या अंगाला वास येतो म्हटले की आपण त्याचे घर, वस्ती आणि (खोटे कशाला बोला?) जातसुद्धा मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. 'तापाचा वास' आमच्या आज्यांना कळत होता. शिकलेल्या आम्हांला त्यात फक्त घाण दिसते.

चिनी शास्त्रज्ञांनी २०२२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की डेंग्यू आणि झिका यांचे विषाणू त्वचेतले एक जंतुरोधक प्रथिन दडपतात. मग त्वचेवरचे बॅसिलस जातीचे जिवाणू माजतात आणि अ‍ॅसिटोफिनोन नावाचे गंधद्रव्य कितीतरी अधिक सोडतात. डेंग्यूच्या रुग्णांच्या काखेतल्या गंधातही हे द्रव्य जास्त आढळले. आपल्या नाकाला ते कळो न कळो, एडिस डासाला अचूक कळते. तो रुग्णाकडे ओढला जातो, विषाणू घेतो आणि आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला देऊ लागतो. म्हणजे हा वास रुग्णाचा गुन्हा नव्हे. विषाणूने डासाला धाडलेले ते आवतण आहे!

आणि आपण काय करतो? धूर मारणारी गाडी आली नाही म्हणून ओरडतो. रुग्णाला मात्र भरदिवसा उघड्यावर निजवतो, मच्छरदाणी रात्री लावतो. एडिस दिवसा चावतो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य परीक्षेपुरतेच का? नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येते, पिंपे भरून ठेवणे भागच आहे; पण त्यांवर घट्ट झाकण घालायला आणि आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करायला कोणाची मंजुरी लागते?

आरोग्य खात्याचे पत्रक कानडीत का, मराठीत का नाही, यावर आपण तावातावाने भांडतो. भांडावेच, तो आपला हक्क आहे. पण दोन्ही भाषा येणाऱ्या घरांनी ते आधी वाचावे आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावे.

त्या मुलाच्या आईची मी क्षमा मागितली. आता आमच्या शाळेत, मुलाच्या अंगाचा वास बदलला तर आधी कपाळाला हात लावायचा, डायरीला नव्हे.