दोन तासांची शांतता

सीमाभागातील मराठी समाज वास्तूंच्या बाबतीत दरिद्री आहे, असे कोणी म्हटले तर ते आम्हांस मान्य होणार नाही. १८४८ साली बेळगावात सार्वजनिक वाचनालय स्थापणारा आणि १९२९ व १९४६ अशी दोन साहित्य संमेलने या शहरात भरविणारा हा समाज आहे. पै-पैशाच्या वर्गणीतून आपल्या वाडवडिलांनी शाळा बांधल्या, वाचनालये उभारली, सभागृहे सजविली. त्या वास्तूंची कुलुपे आज कोणासाठी व कोणत्या दराने उघडतात, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

हा विषय निघण्यास एक निमित्त घडले. बुद्धिमापन चाचणीने सभासद निवडणारे एक लहानसे मंडळ बेळगाव-निपाणी पट्ट्यात चालवावे, असे आमच्या काही स्नेह्यांनी मनावर घेतले. १९४६ साली ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेली ‘मेन्सा’ ही याच धर्तीची संस्था. चाचणीत शंभरांतील पहिल्या दोघांत बसेल त्यास ती सभासद करून घेते. आमच्या स्नेह्यांचा हेतू साधा होता. हुशार पण आडबाजूची मुले हेरावीत, त्यांना पुस्तके द्यावीत, चार जाणत्यांची संगत मिळवून द्यावी. चाचणीसाठी लागते ते काय? तीस-चाळीस बाके, पुरेसा उजेड, भिंतीवर एक घड्याळ आणि दोन तासांची शांतता.

एवढ्यासाठी आम्ही दोन महिने उंबरे झिजविले. मंगल कार्यालयांत खुर्च्या मिळतात, बाके मिळत नाहीत. भाडे मात्र लग्नाच्या मुहूर्ताचे. शाळांचे वर्ग रविवारी स्पर्धा परीक्षांसाठी दिलेले. अखेर एका संस्थेने (नाव सांगण्यात स्वारस्य नाही) जागा देऊ केली आणि ऐन वेळी तीच एका साखरपुड्यास दिली. निपाणीजवळच्या एका खेड्यातील मुलगी पहाटेच्या बसने वडिलांसह आली होती. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले. दारात सनई वाजत होती. त्या गृहस्थांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मुलीला थोडा कुंदा घेऊन दिला आणि परतीची बस धरली. आम्हांस मात्र मान वर करवली नाही.

या चाचणीचे महत्त्व सीमाभागात अधिक का, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे प्रत्येक परीक्षेच्या दारात भाषेचा प्रश्न उभा असतो. अर्ज कोणत्या भाषेत, प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत, येथपासून मुलाची दमछाक सुरू होते. इंग्लंडातील जे. सी. रेवन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आकृत्यांची एक मांडणी असते आणि तीतील गाळलेला तुकडा ओळखावयाचा असतो. तेथे मराठी, कानडी, इंग्रजी असा भेद उरत नाही. ही विद्या आपल्या मुलखाला परकीही नाही. बिने यांच्या चाचणीला मराठी व कानडी रूप देण्याचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. १९४० साली त्यांचा ग्रंथ निघाला. दोन्ही भाषांतील मुलांची बुद्धी एकाच आस्थेने मोजणारा अभ्यासक या परिसराशी जोडलेला होता, आणि आज आपल्याला त्याच कामासाठी एक खोली मिळू नये?

कोणी म्हणेल, बुद्धीच्या मापाने माणसे निवडणे हाच एक अहंकार आहे. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. चाचणी म्हणजे माणसाची संपूर्ण किंमत नव्हे, हे आम्हीही जाणतो. परंतु पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापिली, ती निवडलेल्या बुद्धीला समाजाच्या कामी जुंपण्यासाठीच. शिवाय जागा महाग झाली की शुल्क वाढते आणि शुल्क वाढले की मजुराची मुलगी गळते. उरतात ती सुखवस्तू घरांतील मुले. तेव्हा अहंकाराचे मंडळ नको असेल, तर खोली स्वस्त हवी.

दुसरा आक्षेप विश्वस्तांचा: वीज, झाडलोट, दुरुस्ती यांचा खर्च कोणी सोसावा? सरकारी नोकरीत आमचे आयुष्य हिशेबाच्या कागदांत गेले, म्हणून सांगतो, हा खर्च जरूर घ्यावा. दोन तासांची वीज, शिपायाचा अर्ध्या दिवसाचा मेहनताना, झाडणाऱ्या बाईंचे पैसे आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम, एवढी बेरीज करून पावती फाडावी. यात दान नाही, सवलतही नाही. हा खराखुरा खर्च आहे. आमची हरकत आहे ती लग्नाचा दर परीक्षेला लावण्यास. आपल्यापैकी कित्येक संस्था १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदल्या गेल्या. त्यांच्या घटनांत ‘शिक्षणप्रसार’ हा शब्द कोठे लिहिला आहे, ते विश्वस्तांनी एकदा काढून वाचावे.

आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक मराठी संस्थेने महिन्यातील एक रविवार सकाळ, बाके असलेल्या एका खोलीपुरती, अशा कामांसाठी राखावी. दर लेखी ठरवून फलकावर लावावा. आणि एकदा दिलेली तारीख कोणाच्याही शुभकार्यासाठी फिरवू नये.

वाचकहो, या वास्तूंच्या कोनशिलांवर आपल्याच आजोबा-पणजोबांची नावे आहेत. आपण विश्वस्तांच्या बैठकीत बसता, वार्षिक सभेला जाता. येत्या सभेत हा एक ठराव मांडा. साखरपुड्याला शहरात दुसरी जागा मिळते. पाऊणशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या त्या मुलीला मिळाली नाही.