कंपनीचा डॉक्टर आणि घरचा डॉक्टर एकमेकांशी बोलणार कधी?

मागच्या रविवारी मामेभावाकडे गेलो होतो. वय ४१, कोल्हापुरात एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे. म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडर मारून काढायची. जिना चढून आला आणि दोन मिनिटं त्याला बोलताच येईना.

कॉटवर पिशवी होती, फॅमिली डॉक्टरांच्या कागदांची. खोकला, दम, मग टीबीचा संशय. थुंकी निगेटिव्ह, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या. दम तसाच. मग त्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट, तीन वर्षांपूर्वीचा. ऑफिसातल्या ओळखीच्या पोरानं आत्ता काढून पाठवलेला. त्यात लिहिलंय, दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके, तज्ज्ञांना दाखवावे.

"हे डॉक्टरांना दाखवलं नाहीस?"

"कंपनीनं दिलंच नव्हतं दादा. आणि मी फाउंड्रीत हाय, एवढं डॉक्टरांना माहीतच असेल की."

केसपेपर बघितला. नाव, वय, वजन, बीपी. काम काय करतो, कुठंच नाही.

डॉक्टर चांगले आहेत, आमच्या घरचेच म्हणा ना. पण ओपीडीत रोज ऐंशी पेशंट. तिकडे कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा तासभर येणार, त्यांचं पाकीट मालकाकडून. एकाकडे आजार आहे, दुसऱ्याकडे कारण आहे आणि मधे फोन नाही, चिठ्ठी नाही.

वाळूच्या बारीक धुळीनं सिलिकोसिस होतो. तो बहुधा दहा-पंधरा वर्षांनी कळतो आणि बरा होत नाही. एक्स-रेवर तो टीबीसारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला खरोखरचा टीबी व्हायचा धोकाही जास्त. म्हणून टीबीचा संशय घेतला यात डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाळूचा प्रश्न विचारला नाही, तिथं चुकलं. इटलीच्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात डॉक्टरांना हेच सांगितलंय, की रोग्याला त्याचा धंदाही विचारा.

कायदा नाही असंही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ नुसार कामगाराला सिलिकोसिससारखा यादीतला आजार झाल्याचं वाटलं तर तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरनं, म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यानंसुद्धा, कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं, असं होतं. रुग्णाचं नाव-पत्ता, आजार, कारखाना. बस्स. नव्या संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. टीबीची नोंद २०१२ पासून सक्तीची झाली आणि डॉक्टर ती करू लागले, कारण सरकार मागे लागलं. या नोंदीच्या मागे कोण लागलंय? गावातल्या चार डॉक्टरांना विचारलं. तिघांना कलमच माहीत नव्हतं. आणि नोंद टीबीची झाली की धुळीची भरपाई मागणं अवघड होतं.

ठेकेदाराच्या कामगाराचं तर अजून अवघड. दोन वर्षं या शेडमध्ये, तीन वर्षं त्या. छाती तीच, एक्स-रे मात्र चार कपाटांत.

आता कोणी म्हणेल, दोन्ही डॉक्टरांना थेट जोडून द्या. मला ते धोक्याचं वाटतं. भाऊच म्हणाला, "कंपनीला कळलं तर उद्या गेटबाहेर." ही भीती खोटी नाही. म्हणून कंपनीचा पूर्ण रिपोर्ट दरवर्षी कामगाराच्या हातात द्यावा, तो घरच्या डॉक्टरांना दाखवेल. १९८७ च्या दुरुस्तीनं धोकादायक उद्योगांतल्या कामगाराला आपली आरोग्य-नोंद बघायचा हक्क दिलाच आहे, आणि त्या यादीत फाउंड्री आहे. उलट्या दिशेनं मात्र कामगाराला विचारल्याशिवाय काही जाऊ नये. आणि गेलं तर एवढंच, की याला धुळीचं काम देऊ नका. कुठला आजार, कुठल्या गोळ्या, हे मालकाच्या टेबलावर कशाला?

आपल्यापैकी कोणी फाउंड्रीत, सूतगिरणीत, खडी क्रशरवर असाल तर यंदाच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. नाही म्हणाले तर लेखी मागा.

सोमवारी भावाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. छातीच्या तज्ज्ञांना चिठ्ठी दिली. मग केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलं, 'फेटलिंग, १६ वर्षं'.