पपई, ग्रहण आणि मच्छरदाणी

आमच्या भाचीला सहावा महिना लागला आहे. दिवाळीला ती पुण्याहून आमच्याकडे, चंद्रपूरला, यायची आहे. ती येणार म्हणून घरात निषेधांची यादी आतापासूनच तयार आहे. पपई खायची नाही, ग्रहणात विळीला हात लावायचा नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचे नाही. आमची आई ही कलमे मोठ्या गांभीर्याने सांगते. सगळी ऐकून झाल्यावर मी हळूच विचारले, "आणि मच्छरदाणीचे काय?"

"अरे, डास काय आजच जन्माला आलेत?" आई म्हणाली.

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. पंधरा वर्षांपूर्वी आमची सौभाग्यवती पहिल्या खेपेला आरमोरीला माहेरी होती. दिवाळी नुकतीच झालेली. अंगणात रात्री उशिरापर्यंत गप्पा चालत. एके दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि उतरला. "या दिवसांत असे व्हायचेच," असे सर्वांनी ठरवून टाकले. फोनवर मीही तेच म्हणालो. मराठीचा प्राध्यापक मी. धीराचे चार शब्द बोललो की कर्तव्य संपले! चौथ्या दिवशी रक्त तपासले, तेव्हा मलेरिया निघाला. मुलगी झाली ती पावणेदोन किलोची. आज ती माझे व्याकरण सुधारते. पण तिला छातीशी धरून तिच्या आईने काढलेल्या त्या रात्री मी विसरलेलो नाही.

फाल्सिपेरम जातीचे मलेरियाचे जंतू वारेत साठून राहतात. आईच्या अंगात रक्त कमी होते, बाळाचे पोषण तुटते. कधी गर्भपात होतो, कधी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण. त्यात डासांनाही गर्भवतीची ओढ अधिक! गाम्बिया देशातील एका पाहणीत ती जवळजवळ दुप्पट आढळली. २००० साली ती प्रसिद्ध झाली. गर्भवतीचा श्वासोच्छ्वास जास्त आणि पोटाची ऊबही थोडी जास्त, हे त्याचे कारण सांगतात. गडचिरोली जिल्हा १९८२ साली आमच्या चंद्रपुरातून वेगळा झाला. डासांनी मात्र ही वाटणी कधी मानली नाही.

उपाय साधे आहेत. मलेरियाचा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी हवी आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून दुपारची झोपही मच्छरदाणीतच घ्यावी. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एक वार ठरवून पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली रिकामी करून, घासून कोरडी करावी. दिवाळीची साफसफाई चालूच आहे, तर गच्चीवरचे जुने टायर आणि फुटके डबेही काढावेत. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. खेड्यात आशाताईंकडे बोटाच्या थेंबावर पाव-अर्ध्या तासात निकाल कळतो. मनाने गोळ्या मात्र घेऊ नयेत. मलेरियावरचे प्रायमाक्विन गर्भवतीला चालत नाही.

हे सारे आईला सांगितले. शेवटी म्हटले, "तुझे तिन्हीसांजेचे कलम अगदी शास्त्राला धरून आहे हो! डास नेमके तेव्हाच निघतात." आई काही बोलली नाही.

काल कॉलेजातून आलो तर ती भाचीसाठी आणलेली नवी मच्छरदाणी चष्मा लावून, भोक शोधत, उजेडात धरून पाहत होती. म्हणाली, "पपईच्या आधी हिचे नाव लिही."

मी लिहिले.