स्लम्प : एका शब्दाच्या दोन वाटा

तळेगाव ढमढेरे येथील एका जुन्या पेढीवर गेल्या पाडव्यानंतर एक कागद आठ दिवस सहीविना पडून राहिला. बी-बियाणे, खते आणि भुसार माल असा तीन पिढ्यांचा व्यवसाय. थोरल्या शेठजींच्या दोन्ही मुली सासरी सुखात आहेत. गादीवर बसणारे मागे कोणी नाही. तेव्हा चालता धंदा धाकट्या भावाच्या मुलाने नव्याने काढलेल्या कंपनीकडे सोपवावा, असे घरात एकमताने ठरले होते. रक्कम ठरली, मुहूर्त ठरला. पुण्याहून चार्टर्ड अकाउंटंटांनी मसुदा पाठविला. त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापले होते : ‘स्लम्प सेल करारनामा’.

शेठजींनी चष्मा उतरवून कागद बाजूला सारला. बाजारभावाच्या बातम्या ते नित्य ऐकतात. स्लम्प म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. ‘‘पेढी बसली म्हणून विकतो आहोत का आपण?’’ एवढेच ते पुतण्याला म्हणाले.

‘‘तसे नाही, काकाजी. तो कायद्यातला शब्द आहे.’’

‘‘कायद्यातला असला, तरी अर्थ तोच ना?’’

पुतण्या निरुत्तर झाला. वस्तुतः अर्थ तो नाही. इंग्रजीत ‘स्लम्प’ या एकाच उच्चाराचे आणि एकाच लेखनाचे दोन शब्द आहेत. दोघांचे कूळ निराळे, वाट निराळी. शेठजींना लागला तो एक. कागदावर होता तो दुसरा.

पहिला स्लम्प हा चिखलातून आलेला आहे, आणि हे अलंकाराने म्हटलेले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजीत दिसू लागतो, तेव्हा त्याचा अर्थ होता : दलदलीत किंवा वरून घट्ट भासणाऱ्या पण आतून पोकळ असलेल्या जागी पाय पडून एकाएकी आत जाणे. नॉर्वे-डेन्मार्ककडील भाषांशी त्याचे नाते सांगतात. पाय चिखलात जाताना होणाऱ्या आवाजावरून तो घडला असावा, असाही तर्क आहे. उन्हाळ्यात वेळ नदीच्या पात्रातून वाट काढणाऱ्याला हा अनुभव नवा नसेल. वरची पापडी वाळलेली असते, भेगाळलेली असते, पाऊल निर्धास्त पडते, आणि पाय घोट्यापर्यंत खाली जातो. पडणारा माणूस घसरलेला नसतो, ठेचाळलेला नसतो. त्याच्या पायाखालचे दगा देते.

व्यापारात हा शब्द बऱ्याच उशिरा, १८८० च्या दशकात, शेअरबाजारातील बोलीतून आला. त्याचे सोबती पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. ‘क्रॅश’मध्ये फुटण्याचा, कोसळण्याचा आवाज आहे. ‘प्लमेट’मध्ये गवंड्याचा ओळंबा आहे, शिशाचा तो गोळा सरळ खाली जातो, तसे भाव जातात. स्लम्पमध्ये आवाज नाही आणि वेगही मोजलेला नाही. त्यात पाय आत गेल्यावर लवकर वर निघत नाही, ही जाणीव आहे. म्हणूनच इंग्रजी वृत्तपत्रांत त्याचे दोन उपयोग काळजीपूर्वक ओळखावे लागतात. क्रियापद म्हणून तो आला, तर घटना एका दिवसाचीही असू शकते : अमुक कंपनीचा शेअर आज स्लम्प झाला. नाम म्हणून आला, तर मात्र बहुधा रेंगाळणारी अवस्था समजावी. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीला अमेरिकेने डिप्रेशन म्हटले, इंग्लंडने तिलाच ‘स्लम्प’ म्हटले. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या डिसेंबर १९३० मधील प्रसिद्ध लेखाच्या मथळ्यातही हाच शब्द आहे. सलग काही डाव धावा न होणाऱ्या फलंदाजासाठी तो वापरतात, खुर्चीत मान टाकून बसलेल्या थकल्या माणसासाठीही वापरतात. सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यातील बांधकामांवर तर तो मराठीच झाला आहे. तीनशे मिलिमीटर उंचीच्या पत्र्याच्या शंकूत ओले काँक्रीट ठासून भरतात, शंकू अलगद वर उचलतात, आणि मोकळा झालेला ढीग किती खाली बसला ते मोजतात. मुकादम विचारतो, ‘‘स्लम्प किती आला?’’ तेथे स्लम्प ही आपत्ती नाही. ठराविक मर्यादेत तो हवाच असतो.

मराठी वृत्तपत्रे यासाठी ‘मंदी’, ‘घसरण’ असे शब्द योजतात, आणि कांद्याच्या बाबतीत ‘भाव गडगडले’ असे म्हणतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाली, तेव्हाही हाच मथळा सर्वत्र होता, आणि तो रास्त होता. परंतु मंदी म्हणजे मंद चाल. तिच्यात आकस्मिकता नाही. घसरणीत उतार आधीच दिसत असतो. स्लम्पला मराठीत खरा जोड आहे तो ‘खचणे’ या क्रियापदाचा. विहीर खचते, भराव खचतो, भिंत खचते, आणि कर्ता पुत्र गेला म्हणजे बापही खचतो. भूमी आणि मन या दोहोंना लागू पडणारा असा शब्द घरात असताना तो अर्थवृत्तांच्या पानांवर क्वचित दिसतो, याचे नवल वाटते.

हा इंग्रजी शब्द व्यापारात रुळण्यापूर्वीच शिरूर आणि दौंडच्या परिसराने त्याचा अर्थ भोगला होता. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत मोठे नाव. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग दसपटीपर्यंत चढला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध आटोपले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देणारे आणि घेणारे दोघेही सौदे नाकारू लागले. बँक ऑफ बॉम्बेचा एके काळी २,८५० रुपयांना गेलेला भाग ८७ रुपयांवर आल्याची नोंद आहे. प्रेमचंदांचेही अफाट नुकसान झाले. तेजीच्या वर्षी, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी चार लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

मुंबईची ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग घोडनदीकाठचा आहे, आणि तो व्यापारी घरांत फारसा सांगितला जात नाही. शिरूर-भीमथडी हा कपाशीचा मुलूख नव्हता, येथे ज्वारी-बाजरी. पण तेजीच्या वर्षांत धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळाली, आणि मारवाडी व गुजर सावकारांनी कर्जाचा हात मोकळा सोडला. पापडी घट्ट दिसत होती. त्याच चढ्या भावांच्या काळात तीस वर्षांची जुनी सारापद्धती संपून फेरआकारणी सुरू झाली. १८६७ मध्ये इंदापुरापासून आरंभ झालेल्या या आकारणीने सारा अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक वाढला. पुढे भाव उतरले, सारा मात्र उतरला नाही. वरून मुंबईकडचा पैसा आटला, तसा सावकारांनीही हात आखडला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतेच चाले. हेतू कुळाच्या हिताचा, परंतु परिणाम असा की दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहिले जाऊ लागले. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्या अंगठ्याखाली आकडा वाढत गेला.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळुराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडण्यास घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी येईना, पाणी भरणारा येईना. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. कापडाची आणि धान्याची दुकाने लुटली गेली, पण जमावाचा रोख होता तो खतांवर आणि वह्यांवर. जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले, तेथे बहुधा माणसाला हात लागला नाही. केडगाव, शिरूर, इंदापूर, पलीकडे पारनेर, श्रीगोंदे अशी ती आग गेली. शेकडो लोक धरले गेले. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतावरचा आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहार किती रुपयांचा होता, हे न्यायाधीशाने शोधावे, कुळाला पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा, अशा गोष्टी त्या कायद्याने बंधनकारक झाल्या.

काळुरामाचे वर्तन कठोर होते. ते झाकण्यात अर्थ नाही. दीडशे रुपयांसाठी प्रतिष्ठित माणसाचे छप्पर उतरवणे ही वसुली नव्हे. परंतु एका काळुरामाने चार तालुक्यांची जमीन खचत नाही. लिव्हरपूलचा भाव, मुंबईचा सट्टा, सरकारचा सारा आणि तीन वर्षांचे खत यांनी मिळून ती आतून पोकळ केली होती. पाय आत गेले ते मात्र दोघांचेच, शेतकऱ्याचे आणि गावच्या दुकानदाराचे.

आता दुसरा स्लम्प. हा चिखलाकडून आलेला नाही. डच आणि उत्तर जर्मनीकडील बोलींतून स्कॉटलंडमध्ये आला, आणि त्याचा अर्थ ढीग, गोळा, एकत्रित रक्कम. तपशील न मोजता सरसकट एका रकमेत घेणे-देणे म्हणजे ‘स्लम्प’मध्ये व्यवहार करणे. आपल्याकडील ‘उक्ते’ तंतोतंत हेच. डाळिंबाची बाग झाडे आणि फळे न मोजता उक्ती दिली जाते, तसा चालता व्यवसाय मालमत्ता, देणी, येणी, नाव यांसह एका आकड्यात दिला, की तो स्लम्प सेल. भारतातील न्यायालयांत हा शब्द आधीपासून होता. १ एप्रिल २००० पासून १९६१ च्या आयकर कायद्यात ५० बी या कलमाने त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लावली, तर तो स्लम्प सेल राहत नाही. केवळ मुद्रांक शुल्कासाठी जागेची किंमत दाखविली, तर मात्र बाध येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कर आकारताना रास्त बाजारमूल्य विचारात घेतले जाते, म्हणून घरातल्या घरात नाममात्र रकमेला पेढी लिहून देणाऱ्यांनी आधी हिशेब करून घ्यावा. या सौद्याचा धंदा बसण्याशी काडीचा संबंध नाही. भरभराटीतील मोठमोठ्या कंपन्या आपले विभाग याच मार्गाने देतात.

तळेगावच्या पेढीवर हे सारे उलगडले, तेव्हा शेठजींनी मसुदा पुन्हा हाती घेतला. शब्दाची शंका फिटली होती; त्यांचा पुढचा प्रश्न निराळा होता. ‘‘सगळे एका रकमेत जाणार, म्हणजे उधारीची वहीसुद्धा?’’

‘‘होय काकाजी. येणेही त्यातच.’’

उधारीची वही म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील खातेदार. त्यांतील काहींची नावे शेठजींच्या वडिलांच्या हातची होती. कांदा सडल्याच्या वर्षी कोणाकडे मागायचे नाही, कोणाची विहीर खचली, कोणाचा मुलगा गेला, हे खतावणीत लिहिलेले नव्हते. ते शेठजींनाच ठाऊक. नव्या कंपनीच्या संगणकावर ते सर्व ‘थकबाकीदार’ या एकाच मथळ्याखाली जाणार होते.

शेठजी दोन संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून वही घेऊन बसले. पुतण्या शेजारी बसून नावे वाचत होता. बऱ्याच नावांवर ते ‘‘पुढे’’ म्हणाले. काहींवर थांबले, मागची हकीकत सांगितली, आणि त्या रकमा सौद्याच्या तारखेपूर्वीच बुडीत लिहून खाते बंद करावयास सांगितले. त्यामुळे पेढीचे निव्वळ मूल्य थोडे उतरले आणि अकाउंटंटांना ताळेबंद पुन्हा मांडावा लागला. आयकराच्या दृष्टीने इंग्रजी संज्ञा काढता येणार नाही, असे त्यांनी कळवले होते. म्हणून नव्या मसुद्याच्या माथ्यावर ‘चालत्या व्यवसायाची उक्ती विक्री, अर्थात स्लम्प सेल’ असे छापून आले. शेठजींनी ते दोनदा वाचले आणि सही केली.